रक्ताच्या ओढ्याला हिरवा काठ

सकाळी सगळ्यात आधी मी नाळ आणायला जाते.

आमच्या प्रयोगशाळेतून निघून काचेचा लांब पूल ओलांडला की बाळंतपणाचा विभाग. तिथल्या छोट्या फ्रिजमध्ये माझ्यासाठी बरण्या ठेवलेल्या असतात. बरणीत गार खारं पाणी आणि पाण्यात वेटोळं घालून निजलेली नाळ. ज्याची ती नाळ, ते बाळ तिकडं आईच्या छातीशी. आईनं "न्या, उपयोग होऊ दे" असं सांगून ती आम्हाला दिलेली असते. नाव कळत नाही, मुलगा की मुलगी तेही कळत नाही. मी बरणी पोटाशी धरून पुलावरून परत येते. खाली कालव्यावर वारा सुटलेला असतो, सायकलवाले वाकून वाकून चाललेले असतात, आणि माझ्या हातात कुणाच्या तरी जन्माचा उरलेला धागा असतो.

त्या नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं. चांगल्या कोटाला असतं ना, तसंच. फक्त हे एकाच पेशीच्या जाडीचं. मी ते हळूच सोडवून घेते आणि काचबशीत वाढवते. पेशी बशीत सोडताना मला गुणगुणायची सवय आहे.

*ये गं बाई, बैस बाई, मांडिला तुला पाट*
*वाहत्या या ओढ्याला गं, तूच हिरवा काठ*

आमचा प्रमुख टाम्मो एकदा मागं येऊन उभा राहिला. "यांतिना, शास्त्रात गाणं चालत नाही."

"अर्ध्याच बशांना म्हणते. बाकीच्या अर्ध्या तुलनेसाठी ठेवल्यात."

"मग? फरक पडतो?"

"गाणाऱ्याला पडतो."

तो "हं" म्हणाला आणि गेला. डच उत्तरेतल्या या आमच्या ग्रोनिंगनच्या माणसाकडून यापेक्षा जास्त मिळत नाही. आमच्या भागात कौतुक करायला जीभ फार जड. पीक बहरलं, मुलगी डॉक्टर झाली, चर्चचं छप्पर वादळात तगलं, तरी माणूस खिशात हात घालून एवढंच म्हणतो: "याहून वाईट होऊ शकलं असतं." हे आमचं सर्वांत मोठं बक्षीस. टाम्मो तर तेही देत नसे. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ते वाक्य प्रयोगशाळेत कुणी ऐकलं नव्हतं.

आणखी एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरात मूल जन्मलं की आम्ही भेटायला येणाऱ्याच्या हातावर टोस्ट ठेवतो. टोस्टवर लोणी, लोण्यावर साखरेत घोळलेली बडीशेप. मुलीची गुलाबी, मुलाची निळी. आमच्या प्रयोगशाळेनं ही रीत पेशींनाही लावली. कृत्रिम नळ्यांसाठी बनवलेल्या नव्या पदार्थावर पेशी आल्या, बसल्या, पाय पसरून घर केलं, की टोस्ट. बाळं कोणती ते ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही रंग एकत्र. लोणी मी लावते. त्या सुरीला मी कुणाला हात लावू देत नाही.

आफ्के आमच्याकडं डॉक्टरेट करायला आली ती होगलांडमधून, समुद्राच्या बांधाला टेकलेल्या गावातून. घरी बियाण्याच्या बटाट्यांची शेती. तिचा बाप, फोक्को, एक दिवसाआड आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर डायलिसिसला यायचा. मूत्रपिंडं थकली होती. सुया टोचायला सोय म्हणून दंडात कातडीखाली कृत्रिम नळी बसवलेली; आणि ती नळी सारखी तुंबायची. सर्जननी साफ करायची, पुन्हा तुंबायची, मग नवी.

"माझ्या दंडातला ओढा गाळानं भरला," फोक्को म्हणायचा. "पाणी मंडळाचा तपासनीस आला तर दंड करील." त्याच्या शेताकडेचे ओढे शरदातल्या तपासणीला गावात सगळ्यात स्वच्छ असायचे, हे तो स्वतः सांगत नसे, दुसरे सांगायचे. बटाट्यात पोटॅशियम फार म्हणून डॉक्टरांनी त्याला बटाटाच तोडला होता. बटाटेवाल्याला बटाटा बंद! पण त्यावरही तो हसायचा.

ती नळी का तुंबते? ज्या जातीच्या प्लास्टिकची ती, तेच न चिकटणाऱ्या तव्याला लावतात. तव्यावरून पॅनकेक सुटतो, पण नळीतून रक्त सुटत नाही. रक्ताला परकं अंगण लगेच कळतं. आधी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट येऊन चिकटतात, त्यांच्या अंगावर बाकीचे, आणि गुठळी होते. आपल्या खऱ्या रक्तवाहिनीत असं होत नाही, कारण आत ते अस्तर असतं. तेव्हा नळीच्या आत असं काही लावायचं, की वाहत्या रक्तातून अस्तराच्याच पेशी येऊन बसतील आणि प्लेटलेट पुढं निघून जातील. बसा म्हटलं की सगळेच बसतात, बसू नका म्हटलं की कुणीच बसत नाही. एकीला पाट मांडायचा आणि दुसरीला दार लावायचं, तेही एकाच उंबऱ्यावर. जगभर आमच्यासारखे कितीतरी वेडे या एका उंबऱ्यापाशी अडलेले आहेत.

आफ्केनं त्यासाठी हूक शोधला होता. चार अमायनो आम्लांची इवलीशी साखळी. अस्तराच्या पेशीच्या अंगावर त्या हुकात अडकेल अशी कडी असते, प्लेटलेटच्या अंगावर नसते. हे हूक तिनं पदार्थावर पेरले, वर खाऱ्या पाण्यात दोन्ही जातीच्या पेशी सोडल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अस्तराच्या पेशी हिरव्या उजळतील आणि प्लेटलेट लाल, असा रंग आम्ही आधीच दिलेला असतो. पडदाभर हिरवं होतं, लाल जवळजवळ नाहीच.

त्या दिवशी मी टोस्टला लोणी लावलं. आफ्केनं तिथूनच बापाला फोन केला.

"बाबा, बसल्या. हव्या त्याच बसल्या."

पलीकडून फक्त, "बरं."

तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "खूश झालाय."

किती खूश, ते पुढच्या आठवड्यात कळलं. नाळेची बरणी घेऊन जाताना मी डायलिसिसच्या खोलीत डोकावले. फोक्को यंत्राला जोडलेला, मान खाली, चोरी पकडल्यासारखा.

"मोई, फोक्को," मी आमचा रामराम घातला. "काय झालं?"

"मोई. मी बोललो."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी. पत्त्यांच्या डावाला, समाजगृहात. उठून उभा राहिलो. म्हटलं, माझ्या पोरीनं केलंय. आणि केक दिला."

"सगळ्यांना?"

"दोन-दोन तुकडे."

मी खुर्ची ओढून बसलेच. आमच्याकडं पाहुण्याला एक तुकडा देतात आणि डबा बंद करतात. दोन तुकडे म्हणजे एक तर लग्न, नाही तर वेड. होगलांडच्या फोक्कोनं भर समाजगृहात उभं राहून लेकीची फुशारकी मारावी, हे बांध फुटल्यासारखंच होतं.

"गावात काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खाल्ला."

त्या हुकांवरचा शोधनिबंध स्वीकारला गेला, छपाईच्या वाटेला लागला. आफ्केचा डॉक्टरेटचा करार एप्रिलपर्यंत होता. सगळं वेळेत बसत होतं. आणि मग शरदातल्या एका दुपारी ती बापाजवळ बसली असताना तिची नजर यंत्राच्या पारदर्शक नळ्यांवर गेली. त्यातून बापाचं रक्त जात होतं, येत होतं. दाट, गढूळ, नांगरटीच्या दिवसांतल्या ओढ्यासारखं. तिनं मला नंतर सांगितलं, "यांतिना, मी ते पाहिलं आणि एकदम लक्षात आलं. रक्त कधी धुतलेलं असतं का गं?"

आमच्याकडं दाराची पायरीसुद्धा घासून धुतात. पेशी धुतल्याशिवाय प्रयोगाला कशा घेणार? आई पोराला शाळेत धाडताना तोंड पुसते, तसं आम्ही पेशींना खाऱ्या पाण्यात खळबळून काढतो, काच धुतो, नळी धुतो, मग प्रयोग. हात आपोआप जातो त्या बाटलीकडं. कुणी शिकवावं लागत नाही आणि कुणी हटकतही नाही.

ती वर आली. कोट घातला. रक्तपेढीतून ताजं, न धुतलेलं रक्त आणलं, त्यात पेशी मिसळल्या आणि हुकांवरून वाहू दिलं.

पडदा लाल झाला. आधी इथं तिथं ठिपके, मग झुबके, मग सगळीकडं. हिरव्या पेशी त्यात कुठं कुठं, चिखलात रुतलेल्या कोंबांसारख्या.

कारण कळायला वेळ लागला नाही. रक्तात नुसत्या पेशी नसतात, चिकट प्रथिनंही असतात, अगणित. ती सगळ्यांच्या आधी पोचतात आणि पदार्थावर पसरतात, स्टेशनबाहेरच्या सायकलींवर बर्फ पसरतं तशी. मग खाली हूक आहे की खिळा, कुणाला दिसणार? त्या चिकट थरावर जो येईल तो बसतो. आमचा आधीचा निकाल खोटा नव्हता. पण तो धुतलेल्या जगातला निकाल होता.

टाम्मोनं पडदा पाहिला, खुर्चीत बसला. "निबंधातलं एकही वाक्य खोटं नाही," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्यात केलं, असं तू स्पष्ट लिहिलंयस. मागं घेतलास तर एप्रिलच्या आत दुसरा होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. तू काय करतेस?"

"मागं घेते."

"का?"

"वाक्य खोटं नाही. पण वाचणाऱ्याला जे वाटेल ते खोटं आहे."

मी पाहत होते. टाम्मोच्या ओठांवर काहीतरी येऊन परत गेलं. मग त्यानं बाही वर केली. "यापुढं खरंच रक्त लागणार. पेढीतलं नेहमी मिळत नाही. हा हात इथं आहे. कॉफी जास्त असेल त्यात, सांभाळून घे."

निबंध मागं घेणं एका ओळीचं काम होतं. अवघड काम खालच्या मजल्यावर होतं.

"तू चल माझ्याबरोबर," आफ्के म्हणाली. "एकटीला नाही जमणार. त्यानं गावभर केक वाटलाय, यांतिना. दोन-दोन तुकडे."

आम्ही गेलो. फोक्को यंत्राला जोडलेलाच होता; पळून जायला ना त्याला जागा, ना तिला.

"बाबा, ते चुकलं."

"काय चुकलं?"

"रक्तात नाही चालत ते. सगळेच बसतात. मी तुला सांगितलं आणि तू गावाला... सगळं चुकीचं होतं."

यंत्र घरघरत होतं. फोक्कोनं मान तिच्याकडं वळवली.

"कुणी पकडलं?"

"काय?"

"चूक. कुणी पकडली?"

"मीच."

"कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

पुलावर आल्यावर आफ्के रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "त्याला लाज वाटली असेल," ती म्हणत होती, "माझ्यामुळं, त्या म्हाताऱ्या माणसाला..." मलाही तसंच वाटलं. गावात त्याचे काय हाल होतील, ते मला दिसत होतं. आमच्याकडं बढाई मारणाऱ्याला माफ करत नाहीत. आणि बढाई मारून तोंडघशी पडणाऱ्याला तर तीन पिढ्या विसरत नाहीत.

पुढच्या वेळी मी मुद्दाम त्याच्याकडं डोकावले. आफ्के आधीच तिथं होती. फोक्को तिच्याकडं न पाहता भिंतीशी बोलावं तसं बोलत होता.

"मी पुन्हा उठलो."

"कुठं, बाबा?"

"डावाला. म्हटलं, मागच्या वेळी मी जे सांगितलं ते खरं नाही. नळी चालत नाही. चूक माझ्या पोरीलाच सापडली. कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं जगाला सांगून टाकली."

"अरे देवा. मग?"

"डावातला यान बूरेमा म्हणाला, फोक्को, मग केक परत द्यायचा का?"

"बाबा!"

"मी म्हटलं, नाही. आज पुन्हा आणलाय. पहिला केक नळीचा होता. हा पोरीचा."

आफ्केनं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पार्किंग होतं. मी बरणी घट्ट धरली.  मनात म्हटलं, फोक्को, या मातीत तुझ्याएवढा ताठ माणूस मी पाहिला नाही.

*धुतलेल्या पाण्यामधी सोपं होतं खरं*
*गढुळात उभी राही तीच लेक बरं*

त्या दिवसापासून आफ्के वेगळीच झाली. घाई गेली तिची. हुकांखाली तिनं आता गवत लावायला घेतलं. म्हणजे पाण्याची ओढ असलेल्या रेणूंचे लांब, निसरडे केस, दाटीवाटीनं, नळीच्या आतून उभे. त्या केसांवर चिकट प्रथिनांना पाय रोवता येत नाहीत. आली तशी घसरून जातात. आणि मोजक्या केसांच्या शेंड्यावर हूक. म्हणजे सगळं शिवार बंद, आणि गवताच्या वर डोलणारी थोडी फुलं, ज्यांना ओळख आहे त्यांच्यासाठीच उघडी.

सांगायला सोपं. गवत फार दाट झालं की हूक बुडून जायचे आणि कुणीच यायचं नाही. विरळ झालं की खाली चिखल साचायचा आणि सगळे यायचे. हूक जास्त झाले तर गवताचा निसरडेपणाच जायचा. हिवाळाभर हेच चाललं. कालवे गोठले, मुलं बर्फावर घसरत शाळेतून परत जाऊ लागली, आणि आम्ही आत आमचं निसरडं गवत कापत-वाढवत बसलो. टाम्मो रक्त देऊन झालं की तळलेला अंड्याचा गोळा मागायचा, आणि आफ्के निमूट खाली जाऊन आणायची. मी नाळा आणत राहिले. तेवढ्या मुलांचे जन्म त्या हिवाळ्यात माझ्या हातांतून गेले, आणि एकदाही लोण्याच्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

फोक्कोचा दंड मधल्या काळात पुन्हा तुंबला. नवी नळी बसली. त्यानं कधीच विचारलं नाही, "कुठवर आलं?" फक्त एवढंच विचारायचा, "जेवतेस ना?"

मार्चमध्ये एकदा तो डायलिसिस संपवून वर आला. कसा आला, कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. दारात उभा, एका हातात टोपी, दुसऱ्या दंडाला पांढरी पट्टी.

"आज आहे म्हणे," तो म्हणाला.

आफ्के पांढरीफटक पडली. "बाबा, आजही नाही जमलं तर?"

"मग मी बसलेलो असेन." आणि तो स्टुलावर बसला.

टाम्मोचं ताजं रक्त, त्यात नाळेच्या पेशी मिसळून, पंपाला लावलेलं होतं. दोन काचेच्या खिडक्या शेजारी शेजारी: एकीत जुना पदार्थ, नुसते हूक, दुसरीत गवत आणि शेंड्यावर हूक. दोन्हींतून एकच रक्त जाणार होतं.

फोक्कोनं रक्ताच्या पिशवीकडं बोट केलं. "कुणाचं?"

"माझं," टाम्मो म्हणाला.

"शेतकऱ्याचं घ्यायचं होतं."

"तुझ्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. त्यावर आमची परीक्षा सोपी झाली असती."

"प्राध्यापकाचं रक्तही लालच असतं, हे नव्हतं माहीत."

कुणी हसलं नाही. आफ्केनं पंप सुरू केला होता.

काळा पडदा. डावीकडच्या खिडकीत लाल ठिपके यायला लागले, थांबायला लागले, एकमेकांना धरून झुबके करायला लागले. ते आम्हाला ठाऊकच होतं. आमचे डोळे उजवीकडं. तिथंही लाल ठिपके आले. रेंगाळले. एक थांबला. मग तो घसरला, गेला. दुसरा आला, घसरला, गेला. मग एक हिरवी आली, गडगडत, प्रवाहात लोळत. अडखळली. आणि थांबली.

"एक," फोक्को म्हणाला, अगदी हळू.

मग दुसरी. मग मोजायला सुचलं नाही. हिरव्या हिरव्या पेशी येत होत्या आणि जिथं थांबत होत्या तिथंच राहत होत्या, आणि लाल त्यांच्यामधून वाट काढून पुढं जात होते. माझा हात सवयीनं खाऱ्या पाण्याच्या बाटलीकडं गेला. निकाल बघायच्या आधी एकदा धुऊन घ्यावं म्हणून.

"यांतिना!" आफ्के ओरडली. "धुऊ नकोस!"

मी हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. टाम्मो खदखदून हसला.

"पंप वाढव," तो म्हणाला. "खऱ्या नळीत असतो तेवढा जोर कर."

आफ्केनं जोर वाढवला. लाल ठिपक्यांच्या रेघा झाल्या, पडदाभर लाल पाऊस आडवा वाहू लागला. हिरव्या पेशी थरथरल्या. वाऱ्यात बांधावरचं गवत वाकतं तशा वाकल्या, लांबट झाल्या, प्रवाहाच्या दिशेनं. पण जागा सोडली नाही. डावीकडची खिडकी तोवर लाल चिखल झाली होती. उजवीकडं हिरवा काठ.

 आफ्केचा हात अजून पंपाच्या बटणावर होता.

"माझ्या दंडात..." फोक्कोनं सुरुवात केली.

"नाही बाबा," ती घाईनं म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आधी मेंढ्या, मग आणखी परीक्षा, मग कितीतरी वर्षांनी माणसं. तुझ्यासाठी वेळेत नाही होणार."

"ते ठाऊक आहे गं. मी म्हणणार होतो, माझ्या दंडात असंच दिसत असेल, त्या डाव्या खिडकीसारखं." मग त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "पोरी, मी बियाण्याचे बटाटे लावतो. जन्मभर तेच केलं. खाणारा नेहमी दुसराच असतो. म्हणून कधी सरी वाकडी काढली का मी?"

आफ्के त्याच्या जवळ गेली, आणि पट्टी नसलेल्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. तो ताठ बसून राहिला, लाकडासारखा, फक्त एक हात वर आला आणि तिच्या केसांवर ठेवला गेला.

टाम्मो अजून पडद्याकडंच पाहत होता. घसा खाकरला.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," तो म्हणाला.

 मी टाम्मोकडं पाहिलं, आफ्केनं डोकं वर केलं. फोक्कोनं मान हलवली. "सांभाळून, प्राध्यापक. आमच्या गावात इतकं बोललास तर बढाईखोर म्हणतील."

मी लोण्याच्या डब्याकडं वळले. "थांब," आफ्के म्हणाली. डोळे पुसले होते, आवाज परत स्वतःचा झाला होता. "एकाच माणसाचं रक्त झालं. मागच्या वेळी घाई केली होती आपण."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी लोण्याची सुरी परत खाली ठेवली.

मग आम्ही बाह्या वर करवत फिरलो. परिचारिका, ग्रंथालयातली बाई, सायकली दुरुस्त करणारा तो उंच माणूस, मी स्वतः. तऱ्हेतऱ्हेचं रक्त, तऱ्हेतऱ्हेच्या नाळांच्या पेशी. नुसत्या खिडकीवर नाही, खऱ्या नळीच्या आतही. नळी उभी चिरून पाहिली. कधी हिरवं दाट, कधी थोडं विरळ. पण प्रत्येक वेळी हिरवंच. एप्रिल उजाडला, कालव्याकाठी डॅफोडिल फुलली, आफ्केनं नवा निबंध लिहून पाठवला. "न धुतलेल्या रक्तात" हे शब्द तिनं पहिल्याच ओळीत घातले.

मग मी लोणी लावलं. एवढं जाड, की टाम्मो म्हणाला हा टोस्ट आहे की बांधावरची माती. दोन्ही रंगांची बडीशेप मूठ मूठ भुरभुरवली. जी लोण्यावर पडली ती बसली, जी ताटात पडली ती घरंगळली.

फोक्को डायलिसिस संपवून खाली टॅक्सीची वाट पाहत होता. मी कागदी रुमालात टोस्ट गुंडाळून त्याला नेऊन दिले. चांगले चार-पाच.

"या वेळी गावात सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. विचारू देत त्यांना."

"विचारलं कुणी?"

"तोंडानं नाही. पण यान बूरेमा दर वेळी दारातच बघतो, माझ्या हातात केकचा डबा आहे का."

टॅक्सी आली. नेहमीचा चालक नव्हता, कुणी नवा होता. त्यानं फोक्कोला दार उघडून दिलं, आणि त्याची नजर रुमालातल्या गुलाबी-निळ्या बडीशेपेवर गेली. चेहरा खुलला.

"अरे वा, आजोबा! अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

फोक्कोनं थोडा विचार केला. मग मान वर केली. होगलांडच्या कुठल्याही माणसाची मान मी इतकी वर गेलेली पाहिलेली नाही.

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला. "पण घट्ट धरून आहे." आणि रुमाल उघडून त्यानं चालकापुढं केला. चालकानं एक टोस्ट उचलला.

"आणखी एक घे," फोक्को म्हणाला.

"दोन?"

"घे. आमच्या घरात दोन देतात."